सांगितलेलं औषध

सत्तरच्या आसपास लोणावळ्यात एका परदेशी औषध कंपनीनं संशोधन केंद्र काढलं. कंपनीला त्याची हौस नव्हती. कारखाना वाढवायचा तर संशोधनही इथंच, इथल्या माणसांच्या हातून करून दाखवा, असा दिल्लीचा आग्रह होता. त्या आग्रहापायी मला नोकरी लागली. टाकव्यातल्या आमच्या वस्तीतला मी पहिला बी.एस्सी. पांढरा कोट घालून आरशासमोर किती वेळ उभा राहिलो, ते सांगायला आज लाज वाटते.

केंद्राच्या साहेबांना संशोधनासाठी देशी वनस्पती हवी होती. लोहगडाखालच्या वाडीत एक ठाकर आबा काविळीवर मुळी द्यायचे. लांबलांबून माणसं यायची. पण मुळी ते ठेचूनच हातावर ठेवत, झाड कोणतं ते कुणाला सांगत नसत. मी सहा-सात खेपा घातल्या.

"सांगितलं का गुण जातो," ते म्हणाले. "मंग माज्या हातनं न्हाई चालायचं."

मी म्हणालो, आबा, आपल्या देशाचं औषध होईल, गावोगावच्या दवाखान्यात मिळेल. हे मी मनापासून बोललो होतो, म्हणूनच जास्त टोचतं. शेवटी त्यांनी मला रानात नेऊन झाड दाखवलं. त्या दिवसापासून त्यांनी स्वतः औषध देणं बंद केलं.

मी अर्क काढला, बाटल्या भरल्या. दिल्लीचे अधिकारी आले, बाटल्यांपुढं उभे राहिले, माझी पाठ थोपटून गेले. कंपनीला कारखाना वाढवायचा परवाना मिळाला. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. महिन्याभरात साहेबांनी ते काम थांबवलं आणि फडताळ मोकळं करायला सांगितलं. मी निमूटपणे अर्क मोरीत ओतला. मुळीला खरंच गुण होता का, हे कुणी तपासलंच नाही. आबांना कळवायचं मी आज-उद्या करत राहिलो.

पावसाळा सरता सरता आबा केंद्राच्या फाटकाशी आले. सोबत त्यांची लग्न झालेली लेक, डोळे हळदीसारखे पिवळे. आठ दिवस तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. मी म्हणालो, सरकारी दवाखान्यात नेऊ, मी येतो बरोबर. आबा नको म्हणाले.

"माज्याकडचा गुण तुज्याकडं गेला. आता तूच दे."

खरं सांगायची माझी छाती झाली नाही. अजून संशोधन चालू आहे, एवढंच बोललो.

"व्हय का? मंग आमी हितंच थांबतो," आबा म्हणाले, आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन फाटकाशी बसले.