पंचमीचं मूळ

पंचमी तोंडावर आली की हरणाबाईला दुसरं काही सुचत नसे. इस्लामपूरच्या अलीकडचं तिचं गाव. श्रावण लागला की गावातले भाऊ सासरी नांदणाऱ्या बहिणींना आणायला निघायचे. याला मूळ जाणं म्हणतात. हरणाबाईच्या घरातूनही दरसाल मूळ जायचं. फरक एवढाच, की बाकीच्या लेकी सासरहून यायच्या आणि हिची लेक यायची होती मठातून. यायची होती म्हणायचं. आली कधीच नव्हती.

हरणाबाईचं घर ख्रिस्ती. गावात अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाप्तिस्म्याचं तिचं नाव अ‍ॅना, पण त्या नावानं कुणी हाक मारली तर ती मागं वळून बघायची, दुसरं कोण आलंय म्हणून. वारुळाला ती जात नसे. पण लिंबाचा झोका, पुरणाची दिंडं आणि माहेराला आलेली लेक यांना कुठला धर्म लागतो, असं तिचं म्हणणं होतं, आणि तिच्याशी वाद घालायची गावात कुणाची टाप नव्हती.

मालक तानाजी साखर कारखान्यात फिटर होते. पोरं दोन, संयोगिता आणि जयराज. संयोगिताला शाळेत असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात धाकटी तेरेजा नावाच्या एका फ्रेंच सिस्टरचं चित्र बक्षीस मिळालं, तिथून सगळं सुरू झालं. हातात क्रूस, त्याच्यावर गुलाबाची फुलं, आणि चेहरा असा की आत्ता काहीतरी सांगेल. पोरीनं ते देवळीत लावलं. ही तेरेजा कोवळ्या वयात मठात गेली, वयाची अट आडवी आली तर थेट रोमला जाऊन पोपसाहेबांच्या पाया पडली, पुन्हा मठाबाहेर आली नाही आणि ऐन तारुण्यात गेली. भांडी घासणं, कपडे धुणं, तिरसट बाईशीही गोड बोलणं, असलीच तिची कामं, आणि तेवढ्यावर ती संत झाली. संयोगिता हे सगळं भाकरी थापणाऱ्या आईला सांगत बसायची. हरणाबाई हुंकार द्यायची. आपल्याच घराला आग लागतेय हे तिला कुठं ठाऊक?

कॉलेज संपलं आणि पोरगी म्हणाली, मलाही पाचारण आलंय. मठात जायचंय.

"पाचारण म्हंजे?"

"देवाचं बोलावणं, आई."

हरणाबाईनं आकाशपाताळ एक केलं. "तुझ्या त्या तेरेजाची आय ती चार वर्साची असतानाच गेली, तूच सांगितलंस न्हवं? म्हणून तिला जाता आलं. तुजी आय जिती हाय. आन तिच्या दोन भनी आदीच आत हुत्या. म्हंजे ती मठात कुठं गेली, माह्यारीच गेली की!"

तानाजीला हसू आलं. संयोगितालाही आलं. पण ती गेलीच. तेरेजाच्या वडिलांसारखेच तानाजी स्वतः तिला पोचवून आले, महाबळेश्वरच्या अलीकडं, डोंगरात, भिंतीआडच्या त्या मठात. आल्यावर जेवले नाहीत. पुढं काही वर्षांनी तेही देवाघरी गेले.

हरणाबाई एकदाच मठात गेली होती. मुलाखतीच्या खोलीत मधोमध लोखंडी जाळी, पलीकडं तपकिरी झग्यात लेक. आतल्या सिस्टर बाहेर पडत नाहीत. प्रार्थना करतात, शिवण शिवतात, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत प्रसाद म्हणून देतात त्या, पातळ भाकऱ्या भाजतात. जाळीतनं पोर बघायला मी काय तुरुंगात आलेय, असं म्हणून हरणाबाई जी उठली ती परत गेलीच नाही. लोकांना सांगायची, घाट लागतो. नाताळला लेकीचा फोन यायचा. त्यात पाऊसपाणी व्हायचं, तब्येत व्हायची. खरं विचारायचं ते हरणाबाई विचारत नसे. उत्तराची भीती होती.

पण मूळ मात्र तिनं चुकवलं नाही. जयराज कुपवाडला लेथवर काम करायचा. दर पंचमीला आई त्याला दिंडांचा डबा देऊन मठाकडं पिटाळायची आणि संध्याकाळी तो एकच निरोप आणायचा, "पुढल्या साली बघू म्हणाली." त्या 'बघू'वर हरणाबाईचं वर्ष निघायचं. गोधडी नवी शिवायची ती त्या 'बघू'साठी. उन्हाळ्यात झोक्याची फांदी पारखून ठेवायची ती त्याच्यासाठी. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की लेकीच्या केसांचा वास आठवायचा आणि उशी ओली व्हायची. कुणाला सांगणार? देवानं नेलेल्या लेकीसाठी रडायचं म्हणजे देवाशीच भांडण.

यंदा जयराज अडून बसला. "मी जाणार न्हाई, आई. सुट्टी न्हाई." सुट्टी होती, हे तिला दिसत होतं. तो डोळ्याला डोळा देत नव्हता.

"मग मीच जाते," हरणाबाई म्हणाली. "देवानं मूळ धाडलं तर लगोलग गेली. आयनं धाडलं तर येत न्हाई. आज काय ती तड लावते. आली तर आली, न्हाईतर हितनं फुडं मूळ बंद."

घाट खरंच लागला तिला. वर धुकं असं, की एसटीला समोरचं दिसेना. भिजलेल्या लुगड्यानं ती जाळीसमोर बसली. पलीकडचं दार उघडलं. संयोगिता आली, आणि भावाऐवजी आईला बघून जागच्या जागी उभी राहिली.

"मूळ आलंय," हरणाबाई म्हणाली. "चल."

संयोगिता जाळीजवळ येऊन बसली. "आई, मी न्हाई येऊ शकत."

"दरसाल फुडल्या साली म्हणतीस. किती साल काढू अशी?"

"मी?" संयोगिता गोंधळली. "मी तसं कधीच म्हटलं न्हाई. पहिल्याच पंचमीला जयराजला सांगितलं, आईला सांग, मी आता कधीच येणार न्हाई. पण मूळ धाडायचं थांबवू नका."

पोरानं वर्षानुवर्षं खोटं सांगितलं होतं, आणि ते हरणाबाईला बरं वाटावं म्हणून. त्याच्यावर चिडावं की त्याला पोटाशी धरावं, तिला कळेना. चिडली ती लेकीवर.

"यायचं न्हाई तर मूळ कशाला? आयची थट्टा लावलीस व्हय गं?"

"थट्टा न्हाई. पंचमीला सकाळपासनं माझा कान फाटकाकडं असतो. घंटा वाजली की हातातलं शिवण बाजूला ठेवते. सगळ्या सिस्टर म्हणतात, आज हिचं मूळ येणार. न्यायला कुणीतरी येतंय म्हणून मला माहेर हाय, आई. ज्या साली कुणी येणार न्हाई..." दोघीही रडल्या, जाळीच्या अलीकडं एक, पलीकडं एक.

हरणाबाईनं विचारलं, "हितं सुखात हाईस?"

"हाय. खोटं न्हाई सांगत. सुखात हाय आन तुझी आठवण येती. दोन्ही हाय."

हरणाबाईनं पदरानं नाक पुसलं. सुखात नाही म्हणाली असती तर भांडता आलं असतं. भिंतीतल्या फिरत्या कप्प्यातून तिनं डबा आत सारला. संयोगितानं परवानगी काढून एक दिंड तिथंच खाल्लं आणि म्हणाली, "तूप कमी घातलंयस."

"घरला येऊन खा, वाडगाभर घालते," आई बोलून गेली.

आत प्रार्थनेची घंटा झाली. संयोगिता उठली, हरणाबाईही उठली. संपलं आता, असं सांगून निघायचं तिनं ठरवलं होतं. पण जाळीतून लेकीची दोन बोटं अलीकडं आली होती. शिवणाच्या सुईनं टोचलेली, आत्ताच्या तुपानं ओशट. ती मुठीत धरून हरणाबाई म्हणाली, "येते गं."

"कवा?"

"पंचमीला. मूळ घेऊन."

"आई, मी न्हाईच म्हणणार हाय."

"म्हण की," हरणाबाई म्हणाली. "तेवढं तुझ्या तोंडनं ऐकायला येते."