आईच्या फाईलमधला उदो

असे गूढ अनुभव मी जेवता जेवता वाचते, करमणूक म्हणून. धाराशिवला ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, आणि भास-बिस म्हटलं की स्टाफरूममध्ये सगळ्यात आधी हसणारी मीच. त्यामुळे आज कुणी मला हसलं तर माझी तक्रार नाही…

मला एक नाद आहे. कॉम्प्युटरवरचं गाणं नीट ऐकू आलं पाहिजे. त्यापायी बाहेरचं साउंड कार्ड घेतलं, सेटिंगमधले आवाज 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद केले, स्पीकर भिंतीपासून पुढं ओढून त्यांच्याखाली जुन्या चपलांचं रबर घातलं. नवरा म्हणतो, हिला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, पण गाणाऱ्यानं श्वास कुठं घेतला ते बरोबर कळतं. वर्गात मी एक नियम नेहमी सांगते — जे नोंदलंच गेलं नाही, ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. एमपीथ्रीची उच्च दर्जाची फ्लॅक केली तर फाईल फुगते, गाणं तेवढंच राहतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

माझं माहेर बेंबळीचं. आई तुळजाभवानीची आराधी होती. नवरात्रात गल्लीतल्या बायका आमच्या ओसरीवर बसून देवीची गाणी म्हणायच्या आणि पुढं आवाज आईचा. तिच्या शेवटच्या नवरात्रातलं एक गाणं माझ्या भावानं मोबाईलवर घेतलं होतं. त्याच हिवाळ्यात आई गेली.

यंदा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते गाणं 'साफ करून' मागितलं. त्यांचे कान उतरत चाललेत. मला वाटलं, आईची आठवण येत असेल. पण कारण वेगळंच निघालं. ते गाणं घेतलं त्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. गुडघे धरलेले असताना आई तुळजापूरला चालत जायचं म्हणत होती आणि अण्णा नको म्हणत होते. ती ऐकेना, म्हणून हे आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडून राहिले.

आता आमच्याकडं गाणं संपलं की म्हणणारी 'आई राजा' अशी हाक देते, आणि ती ज्याच्या कानावर पडेल त्यानं 'उदो उदो' म्हणायचंच असतं. चुलीपाशी असो, गोठ्यात असो, रुसलेला असो. रुसवा माणसावर, उदो देवीला.

"म्या उदो दिला का न्हाय, तेच ध्यानात येईना," अण्णा म्हणाले. "तिची शेवटची हाक हुती. तेवढं बघ बाई त्यात."

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल चेपलेली होती, म्हणून भावाकडून मूळ फाईल मागवली. पंख्याची घरघर काढली, झांजांचा कर्कशपणा कमी केला, आईचा आवाज पुढं आणला. शेवटची हाक आली, बायकांचा उदो आला… पुरुषाचा आवाज नाही. हेडफोन लावून ऐकलं, मूळ फाईल ऐकली, पडद्यावर आवाजाचा आलेखही पाहिला. बायकांच्या आवाजाखाली पुरुषाचा जाडा आवाज दिसायला हवा, तिथं कोरं होतं. मला रडू आलं. खोटं सांगावं असंही मनात आलं. पण आईच्या गाण्यावर खोटं बोलायला जीभ उचलेना. म्हटलं, त्यांनीच ऐकावं.

रविवारी सकाळी लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन बेंबळीला गेले. ओसरीवर मांडामांड केली. अण्णांचे कान लक्षात घेऊन आवाज मोठा ठेवला. गाणं सुरू झालं तसे ते टोपी सारखी करून ताठ बसले. आई गात होती… आणि खरंच सांगते, इतकी जवळून ती मला जिवंतपणीही ऐकू आली नव्हती.

हाक आली — आई राजा.

"उदो उदो," अण्णा म्हणाले. रेकॉर्डिंगमधल्या बायकांच्या बरोबरीनं, अगदी वेळेवर. मग डोळे पुसले आणि 'आता चहा टाक' म्हणाले. त्यांचा आवाज त्यात आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

घरी आल्यावर भावाला साफ केलेली फाईल पाठवायची होती, म्हणून शेवटचा भाग सहज लावून पाहिला. बायकांच्या उदोमागं, आतल्या खोलीतून यावा तसा, पुरुषाचा उदो होता.

मला वाटलं, बेंबळीत चुकून रेकॉर्डिंग सुरू राहिलं असणार. पण फाईलची तारीख जुनी, साईझ तीच. मूळ फाईल उघडली, तिच्यातही तो होता. पुण्यात भावाला फोन करून त्याच्या मोबाईलमधली लावायला सांगितली. तो मोबाईल त्या रविवारी बेंबळीत नव्हताच. तो ऐकून म्हणाला, "आहेत की अण्णा. पण असे का बोलतायत गं?"

तेच मला आधी कळलं होतं. आई गेली तेव्हा अण्णांचे सगळे दात शाबूत होते. समोरचे पडले ते गेल्या वर्षी. आणि फाईलमधल्या त्या उदोत दातांच्या फटीतून निसटणारी हवा स्पष्ट ऐकू येते.

पुढच्या खेपेला अण्णांना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. एवढंच म्हणाले, "मंग पोचला म्हनायचा."

सॉफ्टवेअरची चूक, माझ्या कानांची चूक, सगळं तपासून झालंय. चूक कुठंच नाही. वर्गात नियम अजून तोच शिकवते, पण शिकवताना आवाज थोडा बारीक होतो. आणि ती हवेची हिस् एका क्लिकमध्ये काढता येईल, हे मला पक्कं ठाऊक आहे… मी ती काढलेली नाही.