कान्हेरीतल्या दगडावरचा कौल

गिरणीचा संप ताणत गेला, त्या वर्षातली ही गोष्ट. हे घरी बसलेले, आणि मी बोरिवलीच्या आमच्या खोलीत पहाटे उठून ऑफिसातल्या लोकांचे डबे करायचे. इतकी दमायचे, की पोळी लाटता लाटता डोळे मिटायचे. त्यात सासूबाई मालवणहून आल्या, त्या आम्हाला न्यायलाच. "गावाक चला. हय काय उरला आता?" ह्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला जायचं नव्हतं, पण सासूपुढे तोंड कोण उघडणार?

शेवटी सासूबाईंनीच ठरवलं, देवालाच विचारायचं. आमच्या कोकणात कौल लावतात ना, तसं. ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि कुठली आधी पडते ते बघायचं. नॅशनल पार्कात कान्हेरीच्या लेण्यांत दगडाची भली मोठी पिंड आहे, असं शेजारीण सांगून गेलेली. झालं! डबे रवाना करून आम्ही दोघी निघालो.

चढण संपेना. कुठे बघावं तिथे डोंगरात कोरलेल्या गुंफा. सासूबाई पुढे, मी मागे.

"गो, तू तरणी ना? मगे हळू कित्याक चलतंस?"

बोलायलाही दम लागतो.

मोठ्या लेण्यात शेवटी तो गोल दगड दिसला, माणसापेक्षा उंच. सासूबाईंनी बाहेरच्या दगडी टाक्यातलं पाणी आणून तगरीच्या दोन पाकळ्या चिकटवल्या, हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "उजवी पडली तर गावाक, डावी पडली तर हयच."

बसलो बघत. पाकळ्या काही हलेनात. खांबाचा दगड गार होता. मी पाठ टेकली, आणि लागला डोळा.

जागी झाले ती रखवालदाराच्या आवाजाने. "आजी, ही पिंड नाही, बुद्धाचा स्तूप आहे. फुलं नका लावू, काढा ती."

सासूबाई थोडा वेळ त्या दगडाकडे बघत राहिल्या. "म्हणान बोलणा नाय! तेका आमचा गाऱ्हाणा कळात कसा?" त्यांनी पाकळ्या काढून पदरात बांधल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तो नाय सांगणा, तर तू सांग. तुका काय व्हया?"

मी अर्धवट झोपेत, म्हणून तोंडातून निघालं असावं. "मला झोप हवी, आई. आणि राहायचं इथंच. पोरांची शाळा आहे, माझे डबे आहेत."

त्यांनी पदराची गाठ घट्ट केली. मग म्हणाल्या, "बरा. उद्याचे डबे मी करतलंय. तू नीज."

पुढे कितीतरी दिवस ऑफिसातल्या लोकांनी डब्यात सासूबाईंच्या हातची कुळथाची पिठी खाल्ली. कुणी तक्रार केली असेल तर मला ठाऊक नाही. मी झोपलेले होते.