अडकित्त्यातली अर्धी गोळी

सकाळच्या उन्हात आई अडकित्ता घेऊन बसते. आयुष्यभर तिने त्याने सुपारी कातरली. हल्ली त्यानेच माझी उदासीवरची गोळी मधोमध कापते. डॉक्टरांनी सांगितलंय, सध्या अर्धी, पुढचं महिन्याने बघू.

मागच्या वेळी बरं वाटायला लागलं म्हणून मी कुणालाच न विचारता गोळ्या एकदम बंद केल्या होत्या. चार दिवसांत मान वळवली की डोक्यात वीज चमकायची, जमीन होडीसारखी हलायची, आणि मेथी निवडतानाही रडू यायचं. डॉक्टर म्हणाले, "एकदम सोडायची नसते हो. हळूहळू उतरवू."

पिकलेलं पानसुद्धा किती दिवस फांदीला धरून असतं! त्याला कुणी भित्रं म्हणत नाही. मीच स्वतःला म्हणत आले.

पातं गोळीवरच्या रेघेवर टेकतं. आई श्वास रोखते.

"आई, हे संपणार कधी गं?"

गोळी दुभंगते. पात्याला चिकटलेली चिमूटभर पांढरी पूड आई उन्हात फुंकते. ती तरंगत राहते, खाली यायची कसलीच घाई नसल्यासारखी.

"हे बघ," आई म्हणते, "एवढं आज संपलं."