लक्ष्मम्माची कोरी कॉफी

अहमदपूरच्या लक्ष्मम्माला कॉफीचं वेड लावलं लेकीनं. वर्षाराणी बेंगळुरात नोकरीला. दिवाळीला आली ती चिनीमातीचं पांढरं नरसाळं, कागदाच्या गाळण्या आणि कॉफीची भरड पूड घेऊन. नरसाळ्यात कागद बसवायचा, पूड टाकायची, वरून गरम पाणी सावकाश सोडायचं. खाली पेल्यात कॉफी ठिबकते. दूध नाही, साखर नाही. लेक परत गेली, नरसाळं राहिलं.

लग्न होऊन आल्यापासून लक्ष्मम्मानं घरादाराचा चहा केला. सासूबाईंचा आलं घातलेला, नवऱ्याचा गोडमिट्ट, पाहुण्यांचा कपभर नको म्हणत दोनदा घेतलेला. तिच्या वाट्याला यायचा पातेल्याच्या बुडाचा, निवलेला. त्याची तिनं कधी तक्रार केली नाही. पण आता गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाली, कपाळाला विभूती लावली, की ती आधी आपली कॉफी करायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची. धार कशी धरायची हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. हातावरच्या लिंगाला रोज पाणी घालणारा हात तो. बारीक धार, न तुटता.

एका सकाळी शेजारची चांगुणा विरजण मागायला मागच्या दारानं आली. बघते तर काय, लक्ष्मम्मा भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, हातात काळं काहीतरी. आमच्याकडं बिनदुधाचं काळं चहापाणी करतात ते फक्त मयताच्या घरी. त्यात पलीकडच्या खोलीत सासूबाई, गुरम्मा, पांढरी चादर डोक्यावरून घेऊन गाढ झोपलेल्या. चांगुणानं विरजणाचं नावही काढलं नाही. पाऊल न वाजवता माघारी गेली.

थोड्या वेळानं दारात गल्लीतल्या बाया, डोक्यावर पदर, कुणाच्या हातात हार. एकीनं उंबऱ्यातच हंबरडा फोडला. त्या आवाजानं गुरम्मा दचकून उठल्या आणि चादर ओढतच बाहेर आल्या.

"अगं काय झालं? कोण गेलं?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी चांगुणाच म्हणाली, "तुम्हीच की, आत्या."

गुरम्मांनी हार बघितला. मग सुनेकडं बघितलं. बाया पांगल्या, पण जाताजाता हसू कुणाला आवरेना. दुपारपर्यंत बाजारातही ही गोष्ट पोचली. लक्ष्मम्माचा नवरा सिद्धराम, त्याचं तिथं किराणा दुकान. गिऱ्हाइकं विचारायची, "सिद्धरामअप्पा, अम्मा परत आल्या म्हणे?"

दुपारी जेवायला बसताना गुरम्मांनी ताट बाजूला सारलं. "ते नरसाळं माळ्यावर टाक. न्हाई तर तुझ्या हातचं पाणी बी घेणार न्हाई मी."

"टाकणार न्हाई," लक्ष्मम्मा म्हणाली.

सिद्धराम भाकरी मोडता मोडता थांबला. "अगं, थोडं दूध घाल की त्यात. कशाला उगं वाद?"

"दूध घातलं की तो तुमचा चहा झाला. मला माझं पाहिजे."

"सुतकाचं पाणी हाय ते!" गुरम्मा कडाडल्या. "देवाला धरतीस तशी धार त्या भुकटीवर धरून राहिलीस. लाज न्हाई वाटत?"

"हात एकच हाय, आत्याबाई. दुसरा कुठून आणू?" मग ती सासूच्या समोर बसली. "आणि आपल्यात सुतक कधीपासून आलं? माझं लग्न झालं त्याच साली आजेसासूबाई गेल्या, लिंगैक्य झाल्या. मी पूजेचं साहित्य झाकून ठेवलं, तर तुम्ही मला हात धरून पाटावर बसवलं. म्हणालात, गळ्यात लिंग असणाऱ्याला सुतक न्हाई. तवा ते खरं होतं, तर आज खोटं कसं झालं?"

गुरम्मांनी तोंड फिरवलं. ताटाला मात्र हात लावला नाही. लक्ष्मम्मानं ताट झाकून त्यांच्या पलंगाशी ठेवलं, विनवणी केली नाही. नरसाळं होतं तिथंच, ओट्यावर, विसळून पालथं.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून तिनं नरसाळं उचललं. मागचं दार लावून घेतलं आणि सगळं सामान समोरच्या पायरीवर मांडलं. पाणी आणलं. पूड टाकली. गल्लीतली पहिली झाडलोट चालली होती, झाडू थांबले. चांगुणा दारात उभी राहून बघत होती.

"विरजण पाहिजे असंल तर घेऊन जा," लक्ष्मम्मानं धार न तोडता सांगितलं. "सगळे जित्ते हायत."

कॉफीचा वास गल्लीभर गेला. तेवढ्यात मागं काठीचा आवाज झाला. गुरम्मा बाहेर आल्या, सुनेच्या शेजारी पायरीवर टेकल्या आणि कपाळावरची विभूती लोकांना दिसेल असा पदर मागं सारला.

"मला चहा हितंच आण," त्या म्हणाल्या. "दूध जास्त घाल. बघू दे या रांडांला, कोण मेलंय ते."

"आणते," लक्ष्मम्मा म्हणाली. "माझी संपू द्या आधी."

गुरम्मांनी तिच्याकडं रागानं बघितलं. पण उठल्या नाहीत. लक्ष्मम्मानं पेला तोंडाला लावला आणि निवांत, घोट घोट करत, शेवटपर्यंत प्याली. मग पदर खोचून चहाचं आधण ठेवायला आत गेली.