मँगो आइसचा आंबेमोहोर

आधीच सांगतो, माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला, आणि भारी शब्दांची वाट बघू नका, माझ्याकडे ते नाहीत. पण स्वतःची फजिती कशी करून घ्यायची, हे मात्र मला कोणी शिकवायची गरज नाही. ऐकाच.

मी डब्लिनजवळ, स्वोर्ड्सला, एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये कुक आहे. राहतो निखिलदादाच्या घरात. भाड्याच्या घरातली एक खोली त्याने मला दिलीय. दादा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, आणि दिवसभर तोंडात वेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट. आता मला सांगा, एवढा शिकलेला माणूस, एवढा पगार, आणि प्लास्टिकची डबी चोखत बसायचं? लहान पोराने शिट्टी चोखावी तशी! वर वास कसला, तर मँगो आइस. अहो, आंबा खायचा असतो!

बरं, ते टिकेल तर शपथ. आज गळतंय, उद्या जळका वास येतोय, परवा चार्जच होत नाही. आमच्या किचनमधला लायटर याच्यापेक्षा जास्त जगतो.

त्यातच दादाची आई आली मुळशीहून. आमच्या काकू. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून दादाने कधीकाळी सिगारेट सोडल्याची शपथ घेतली होती. म्हणून वेप गेला पँटच्या खिशात, आणि काकूंनी आल्या आल्या पँट टाकली वॉशिंग मशीनमध्ये. पँट झाली स्वच्छ, वेप मेला.

"तू मोबाइलच्या दुकानात होतास ना रे?" दादा कुजबुजला. "बघ ना जरा. आईला कळलं तर ती मरेपर्यंत बोलणार नाही माझ्याशी."

होतो की दुकानात! पण तिथे मी फक्त स्क्रीनवर काचा चिकटवायचो. हे सांगायची लाज वाटली. म्हटलं, "होईल, दादा."

"ग्रँड!" इथल्या लोकांसारखं दादाही 'छान'ला ग्रँड म्हणतो.

कसला ग्रँड? उघडून बघितलं तर आत कापसाचा बोळा, केसाएवढी तार आणि एक बारकी बॅटरी. याला म्हणे टेक्नॉलॉजी! पुसलं, फुंकलं, परत बसवलं. दिवा काही लागेना. मग आठवलं, भिजलेला मोबाइल लोक तांदळात ठेवतात. त्याने काही होत नाही म्हणे, पण हे मला नंतर कळलं. दिला पुरून माझ्या तांदळाच्या डब्यात. मी जेवतो कामावर, माझा डबा उघडतोय कोण?

काकू. दुसरं कोण!

रविवारी घरी आलो तर काकू डब्यात नाक घालून उभ्या. "अरे, हा आंबेमोहोर कुठून आणलास?"

गळका वेप! अख्खा तांदूळ मँगो आइसने घमघमत होता.

"साधाच आहे, काकू."

"मला शिकवतोस? मुळशीची आहे मी! असा वास आता गावातसुद्धा राहिला नाही." आणि लगेच बहिणीला फोन. "ताई, तुझ्या लेकीसाठी तो मुलगा सांगितला ना, शिकलेला नाही पण निर्व्यसनी आहे, त्याची तांदळाची पारख बघ गं!"

मी कानापर्यंत लाल. निर्व्यसनी! तेवढीच एक डिग्री आहे हो माझ्याकडे.

"संध्याकाळी शेजारच्यांना जेवायला बोलावलंय," काकू म्हणाल्या. "त्यांच्या मुलांना कळू दे खरा भात."

वेपच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलंय, आतलं पाणी विषारी आहे. आणि हे मुलांना वाढणार!

"काकू, तांदूळ जुना आहे."

"जुनाच चांगला. भात मोकळा होतो."

"किडे झालेत."

"निवडते ना."

"तो… तो नवसाचा आहे."

"कसला नवस?"

तोंडाला आलं ते बोललो, "लग्नाचा."

"अगं बाई! मग तर आजच शिजवायला हवा!"

त्यांनी पातेलं घेतलं. मी डबा हिसकावला, मागच्या दारातून पळालो आणि सगळा तांदूळ ओल्या कचऱ्याच्या ब्राऊन बिनमध्ये ओतला. काकू मागे धावत आल्या. "अन्न टाकलंस? वेड लागलं का तुला?"

तेवढ्यात शेवटच्या मुठीबरोबर वेप बाहेर पडला, तांदळाच्या ढिगावर आडवा झाला, आणि टिक! दिवा लागला. निळा! इतके दिवस मेलेलं ते भिकार यंत्र नेमकं तेव्हा उठून बसलं.

"हे काय आहे?" काकूंनी विचारलं.

"वेप," दारातून दादा म्हणाला. आणि मग, अहो, काय सांगू, हा माणूस माझ्याकडे बघून मान हलवतो! "काय रे हे? तू ओढतोस?"

मी काकूंकडे बघितलं. दादाच्या नुसत्या नावाने त्यांचा चेहरा फुलायचा. म्हटलं, "हो, माझाच."

काकूंनी आत जाऊन फोन लावला. "ताई, मुलीला सांगू नकोस काही. आधी याचं सोडवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किचनमध्ये टेबलाशी बसून ओवा-सुंठीचा कडू जहर काढा पीत होतो. न लागलेलं व्यसन सोडायला! समोर दादा. "विल पॉवर लागते रे. माझ्याकडे बघ." त्याच्या तोंडाला कलिंगडाचा वास येत होता. नवीन घेतला असणार.

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "खरं सांग बाळा, तल्लफ येतेय का?"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण इतक्या मायेने विचारलं हो त्यांनी!

मी म्हणालो, "थोडी."