चाळीस मैल

माझा धाकटा भाऊ टेव्हियस तीन वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला, हातानं खेळतात तो अमेरिकन फुटबॉल. लांबून फेकलेला चेंडू धावता धावता पकडायचा, हे त्याचं काम. वाइड रिसीव्हर. मिसिसिपीतल्या आमच्या गावातून एवढ्या वर पोचलेला तो एकटाच. आई माशांच्या कारखान्यात कॅटफिश सोलायची. त्याचा सामना असला की तिच्या पाळीवरची सगळी माणसं तिला विचारायची, "अर्नेस्टीन, आज किती पकडले गं पोरानं?" तीन वर्षांत मिळून एकोणीस. आईला एकेक तोंडपाठ होता.

चौथ्या वर्षी, ऑगस्ट संपता संपता, संघानं त्याला काढलं. आठवड्याभरात त्याच्या सामानाचं खोकं घरी आलं. बूट, हातमोजे, लॉकरवरची नावाची पट्टी. आईनं ते पलंगाखाली सरकवलं.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "घोटा दुखावलाय, मम्मा. थोडे दिवस बाहेर बसवलंय."

"बर्फ लावतोयस ना?"

"लावतोय."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अगं, त्याला सांग की आपल्याला कळलंय."

"त्याच्या तोंडानं सांगू दे त्याला. एवढं तरी त्याचं त्याच्याकडे राहू दे."

पाच आठवडे हे असंच चाललं. तो खोटं बोलायचा, आई घोट्याची चौकशी करायची. तो अजून उत्तरेत, संघाच्या शहरातच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी आई कारखान्यातच कोसळली. मेंदूत रक्तस्राव. मी इस्पितळातून त्याला फोन केला.

"पहिलं विमान पकडतो," तो म्हणाला.

आई त्यानंतर दोनच तास होती. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. टेव्हियस आला तेव्हा माझ्या फोनला पाच तास उलटून गेले होते.

दफन झाल्यावर, चर्चच्या मागं, लोकांनी आणलेल्या जेवणाच्या ताटाला हात न लावता तो बोलला. "मी चाळीस मैलांवर होतो, लोरेटा. हायवेवरच्या मोटेलात. महिनाभर. फोन आला तसा गाडीत बसलो, इथल्या पेट्रोल पंपापर्यंत आलो, आणि तिथंच थांबलो. लगेच पोचलो असतो तर विमानानं आलो हे कुणाला पटलं असतं?"

मी त्याला मारायला हवं होतं. त्याऐवजी खरं तेच सांगून टाकलं. "तिला माहीत होतं रे. खोकं आलं होतं."

त्यानं ताट बाजूला सरकवलं. मग हळूच म्हणाला, "मग घरी बोलावलं का नाहीत मला?"

आता तो आईच्याच कारखान्यात आहे, बर्फाच्या खोलीत. रविवारी माझ्याकडे जेवतो. टीव्हीवर सामना सुरू झाला की अंगणात जाऊन बसतो. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, आणि त्यानं पुन्हा विचारलेलं नाही.